लटारूने सोडलेला खांब

पहिला दांडा लटारूच्या उजव्या मनगटावर बसला. हातातलं फावडं सुटून रेतीत पडलं. दुसरा पाठीत बसला. तिसरा कुठे बसला ते त्याला कळलंच नाही, कारण तोवर तो पालथा पडला होता आणि तोंडात रेती गेली होती. मारणारे दोघे होते, प्रवीण ठेकेदाराच्या टिप्परवरचे. भर सकाळची वेळ. शाळेची अर्धवट इमारत समोर उभी, आणि पलीकडे समाजमंदिराच्या ओट्यावर बसलेल्या पोरांचे पाढे थांबलेले.

"पाया किती फूट खोदला?" एकाने विचारलं.

"चार."

पुन्हा दांडा बसला.

"आता किती झाला?"

"चारच गा," लटारू रेती थुंकत म्हणाला. "मारल्यानं गड्डा खोल होत नाई."

मग मात्र त्यांनी मोजून मारलं नाही.

चिचटोला हे गाव मूल या तालुक्याच्या गावापुढे, जंगलाला लागून. जुनी शाळा धोकादायक ठरवून पाडली, त्याला दोन वर्षं झाली होती. नवीन चार खोल्यांचं काम प्रवीण ठेकेदाराला मिळालं. भिंती उठल्या आणि काम थांबलं. पाया खोदताना खडक लागला, सुरुंग लावून आठ फूट खाली जावं लागलं, म्हणून खर्च दीडपट झाला, असं ठेकेदाराने लिहून दिलं. पंचायत समितीच्या अभियंत्याने वाढीव अंदाजपत्रक केलं, ते ग्रामसभेपुढे यायचं होतं. सभेने होकार दिला की पैसे सुटणार होते. आणि पाया खोदणारा लटारू चहाच्या टपरीवर सांगत होता, की खडक कसला नि सुरुंग कसला, चार फुटांवर मुरूम लागला नि थांबलो.

लटारूने चाळीस वर्षं मातीकाम केलं होतं. बोड्या म्हणजे शेतातली छोटी तळी, तलावांचे बांध, विहिरी. बोडी खोदताना मधोमध मातीचा एक खांब न खोदता ठेवायचा, ही त्या कामाची रीत. खांबाच्या डोक्यावरचं गवतही उपटायचं नाही. साहेब येतो, जमीन कुठून खणली ते त्या गवतावरून पाहतो, खांब वरून खाली मोजतो, मजुरी तशी मिळते. मोजणी झाली की खांब पाडायचा. लटारूच्या हाताला ही सवय इतकी जडली होती, की शाळेच्या मागच्या भिंतीचा पाया खोदतानाही त्याने कोपऱ्याजवळ एक खांब ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याला ताप भरला. चार दिवसांनी कामावर आला तर गवंड्यांनी खांबाच्या दोन्ही बाजूंनी काँक्रीट ओतून वर कमरेइतकी भिंत चढवली होती. कोणी पाहिलंच नव्हतं.

तो बोलला नाही. पावसाळ्यात खांबाची माती भिजून खचली आणि बरोबर त्याच जागी भिंत तडकली. बोट जाईल एवढी भेग. लटारू तिकडे पाहायचा आणि मान फिरवायचा. ही गोष्ट फक्त शकुबाईला, त्याच्या बायकोला, ठाऊक होती.

दवाखान्यातून प्लास्टर घालून परत येताना बसमध्ये तो म्हणाला, "खांब काढून दाखवला तर निकाल लागते. किती खोदलं ते त्याच्यात आहे."

"अन् भित काऊन तडकली, तेही दाखवता काय?" शकुबाईने विचारलं. "एक हात तर मोडून आले. आता गाव डोस्कं फोडन."

 उतरेपर्यंत लटारू प्लास्टरकडे पाहत राहिला.

सोमवारी ग्रामसभा भरली. सरपंच नूतनताई मध्ये बसल्या होत्या, बाजूला अभियंता, दाराशी प्रवीण ठेकेदार आणि त्याची माणसं. अभियंत्याने आठ फूट, कठीण खडक, असं वाचून दाखवलं. वाचून होताच लटारू उठला. ओठ अजून सुजलेला होता.

"मागच्या भितीखाली मी मातीचा खांब सोडला आहे," तो म्हणाला. "तो मोजा. चार फूट निघन. भित तडकली ते त्याच खांबानं. ते चूक माही."

 प्रवीण हसला. "म्हणजे भित यानंच खराब केली. लिहून घ्या साहेब."

"लिवा," लटारू म्हणाला. "माहं नाव लिवा. पण खांब मोजून लिवा."

तेवढ्यात शेजारी बसलेला वामनराव उठला आणि त्याने लटारूच्या मुस्काटात ठेवून दिली. त्याची नात तिसरीत होती. "लेकरं बसणार होते न बे तिथी! सहा महिने चूप बसला?" त्याने दुसरी लगावली. ओठ पुन्हा फुटला. लटारूने हात वर केला नाही.

"मारणं मंग," नूतनताई म्हणाल्या. "आधी खांब पाहू."

सभा तशीच शाळेकडे गेली. ठेकेदाराची माणसं भिंतीसमोर आडवी झाली. कोणी कोणाला आधी ढकललं हे पुढे पोलिसांनाही कळलं नाही. विटा उडाल्या. एकाचे दात पडले. बायांनी टोपल्या डोक्यावर धरल्या. वामनराव सब्बल, जाड लोखंडी पहार, घेऊन भेगेपाशी पोचला होता. एक वीट येऊन त्याच्या कानावर बसली, कान अर्धा लोंबला, सदरा भिजला, पण सब्बल थांबली नाही. भिंतीलगतची माती तळापर्यंत उकरली गेली, काँक्रीटचा तुकडा निखळला. आत काळी माती उभी होती. डोक्यावर वाळून पांढरं पडलेलं गवत.

अभियंत्याचा टेप त्याच्या खिशातच होता. काढायला तो तयार नव्हता. नूतनताईंनी हात पुढे केला, तेव्हा काढला. तीन फूट अकरा इंच. खाली वामनरावने सब्बल मारली, ती मुरुमात वीतभर गेली. खडक नव्हता.

"एक इंच कमी आहे," लटारू म्हणाला.

कोणी हसलं नाही. प्रवीणची गाडी तोवर गावाबाहेर गेली होती.

ठराव झाला. वाढीव खर्च नामंजूर. मागची भिंत पाडून ठेकेदाराच्या खर्चाने पुन्हा बांधावी. शेवटची ओळ लटारूने स्वतः लिहायला लावली: पायामध्ये मातीचा खांब मजूर लटारू याने सोडला. पोलिसांनी दोन्हीकडच्या लोकांवर गुन्हे नोंदवले. त्यात त्याचंही नाव आलं.

दीड महिन्याने मागच्या भिंतीची नवी चर खोदली गेली. लटारूचं मनगट वाकडंच जुळलं होतं. तो काठावर बसून खोदणाऱ्या पोरांना सांगत होता, आणि खांब त्याने पुन्हा ठेवायला लावला. नवा अभियंता आला, खांब मोजला, वहीत आकडा लिहिला. तो गेल्यावर लटारू चरीत उतरला. डाव्या हाताने कुदळ धरून त्याने खांब पाडला, ढेकळं फोडली, माती टोपल्यात भरून वर दिली. कोणाला हात लावू दिला नाही.

मग त्याने वामनरावला हाक मारली. "ये गा वामनभाऊ. पाहून घे, राह्यला काय काई."

कानावर टाक्यांचा वण असलेला वामनराव खाली उतरला. जिथे खांब होता तिथे त्याने पायाने दाबून पाहिलं, एकदा, दोनदा, मग टाच आपटून.

"नाई राह्यला," तो म्हणाला.

तेव्हा कुठे लटारूने काँक्रीट ओतायला सांगितलं.