उजवा गुडघा

आमच्या कॉलेजचा मुलींचा कबड्डीचा संघ कागदावर सात जणींचा होता आणि मैदानावर एकीचा. मी त्या संघाची कर्णधार होते, तेव्हा हे मीच सांगितलेलं बरं. चढाईला ती जायची, गुण ती आणायची आणि कप घेताना फोटोत पुढे मी उभी राहायची.

ती असोद्याची. सकाळच्या बसने जळगावला यायची, संध्याकाळच्या बसने परत. काटकुळी, लांब हातांची, बोलायला कंजूष. चढाईतसुद्धा ‘कबड्डी, कबड्डी’ इतकं तोंडातल्या तोंडात म्हणायची की पंच दर सामन्यात तिला मोठ्याने बोल म्हणून बजावायचे. पण मध्यरेषा ओलांडली की समोरच्या मुली आपोआप दोन पावलं मागे सरकायच्या. तेवढं एक दृश्य बघायला मला फार आवडायचं. जणू तो दरारा माझाच होता.

कबड्डीत बाद झालेली मुलगी रेषेबाहेर जाऊन बसते. आपल्या चढाईवालीने समोरची एक बाद केली की बसलेल्यांतली एक उठून पुन्हा आत येते. या नियमाने आम्हाला आळशी करून टाकलं होतं. बाद झालो तर झालो, ती उठवेल, असं आम्ही खुशाल म्हणायचो. पकडीला गेलो तर अर्ध्या मनाने जायचो, कारण कोपर सोलून घ्यायला कोणाला हौस होती? बाहेर चौघी-पाचजणी मांडी घालून बसायच्या आणि ती एकटी पुन्हा पुन्हा समोरच्या सात जणींत शिरायची. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणं ते हेच. आमच्या खेळाच्या सरांना हे दिसत नव्हतं असं नाही, पण ती जिंकून देत होती, मग सर तरी कशाला बोलतील?

तिला खेळाची शिक्षिका व्हायचं होतं. सरांनी तिला सांगितलं होतं की दिवाळीनंतर पुण्याला विद्यापीठाच्या संघाची निवड आहे, त्यात नाव लागलं की बी.ए. नंतर शारीरिक शिक्षणाच्या कोर्सला प्रवेश मिळालाच म्हणून समज. तिच्या घरी केळीचा मळा, पाठीवर दोन बहिणी. वडिलांना आम्ही सगळ्या नाना म्हणायचो. नानांनी कबड्डीला परवानगी दिली होती, पण एका अटीवर: लग्न ठरेपर्यंत हातापायाला काही होता कामा नये. ही अट तिने आम्हाला सांगितली तेव्हा आम्ही हसलो होतो. हातपाय सांभाळून कबड्डी खेळायची म्हणजे पाण्यात न उतरता पोहायचं, असं मीच म्हणाले होते.

दिवाळीच्या आधी आमच्या स्पर्धा धुळ्याला झाल्या. धुळ्याच्या मुली हाफ पँट घालून खेळायच्या. आम्ही सलवार घालायचो, कारण हाफ पँटचं नाव काढलं तर सातातल्या पाच जणींचं खेळणंच बंद झालं असतं. सरांनी वर्षाच्या सुरुवातीला एकदा विषय काढला, आम्ही माना खाली घातल्या, विषय मिटला. उपान्त्य सामन्यात ती दोघींना शिवून वळली आणि समोरच्या कोपऱ्यातल्या मुलीची बोटं तिच्या सलवारच्या ढगळ पायात अडकली. पाऊल तिथेच राहिलं, ती मात्र वळली. ती ओरडली नाही. हात लांब करून मध्यरेषा शिवली, गुण घेतला आणि मग तिथेच बसली.

सामना आम्ही जिंकलो. अंतिम सामना त्याच दिवशी दुपारी होता. मधल्या वेळात मी तिच्या गुडघ्याला मलम चोळलं आणि माझी ओढणी घट्ट बांधली. गुडघा सुजून वाटोळा झाला होता. मैदानाच्या कडेला धुळ्याची एक म्हातारी बाई बसली होती, कोणा खेळाडूची आजी असावी. ती बराच वेळ आमचा उद्योग बघत होती. शेवटी म्हणाली, “पयले तिना पाय दखा वं, मंग खेया.” आधी पाय बघा, खेळ मग. आम्ही आजीकडे बघून हसलो. तिच्या अहिराणी बोलण्याची नक्कलसुद्धा आमच्यातल्या एकीने केली.

सर आले, गुडघा बघितला आणि तिला विचारलं, जाशील का? तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, “जाईल सर.”

हे दोन शब्द बोलायला मला विचार करावा लागला नाही, हे मी मुद्दाम सांगते. तिच्याशिवाय आम्ही त्या सामन्यात दहा मिनिटंही टिकलो नसतो आणि हे मला तिच्या गुडघ्यापेक्षा स्पष्ट दिसत होतं. राखीव दोन मुली होत्या. त्यांतली एक चढाईला गेली असती, हरलो असतो, कप धुळ्यात राहिला असता, बस्स. पण तसं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

अंतिम सामना संपत आला तेव्हा आमच्या पाच जणी बाहेर बसल्या होत्या. आत मी आणि ती. दोन गुणांनी आम्ही मागे होतो. ती गेली, एका पायावर जोर देत, तिरकी. समोरच्या मुलींना वाटलं हिचं संपलं, त्या पुढे आल्या, आणि तिने एका झटक्यात तिघींना शिवलं. परत येताना गुडघा दुमडला. मध्यरेषेवर ती पालथी पडली, पण हात आमच्या बाजूला होता. बाहेरच्या तिघी उठून आत धावल्या. आधी त्या मला मिठी मारायला आल्या, तिच्याकडे नंतर गेल्या. मला ती मिठी गोड लागली होती.

धुळ्याहून जळगावला येताना एसटीत मागच्या लांब सीटवर तिला आडवी ठेवली. पारोळ्यापर्यंत गाणी झाली. पारोळ्यानंतर खरी चर्चा सुरू झाली, ती अशी की घरी काय सांगायचं. डॉक्टरकडे कधी न्यायचं हा विषय निघालाच नाही. नानांना कळलं तर खेळणं बंद, हे सगळ्यांनी गृहीत धरलं. तिचं बंद झालं की आमचंही बंद, हे प्रत्येकीने मनात धरलं. एरंडोल येईपर्यंत अळीमिळी गुपचिळी ठरली. परीक्षेचा अभ्यास करायचा म्हणून ती आठ दिवस माझ्या घरी बोदवडला राहील, असा निरोप असोद्याला पाठवला. सरांना आम्ही सांगितलं की नाना तिला डॉक्टरकडे नेणार आहेत. सरांनी पुन्हा विचारलं नाही.

जळगावहून पॅसेंजरने आम्ही बोदवडला गेलो. माझ्या आईला मी सगळं सांगितलं. आई आमच्यावर चिडेल आणि सुटेल असं मला वाटलं होतं, पण ती आमच्याहून पक्की निघाली. हाडवैद्याचं नाव मी काढलं तर म्हणाली, त्याच्याकडे अर्धा जिल्हा येतो, संध्याकाळपर्यंत असोद्याला कळेल. “झाकली मूठ सव्वा लाखाची, पोरीहो. लंगडी म्हनून नाव पडलं का जल्माचं पडते.” मग हळद, तेल आणि गरम मिठाची पुरचुंडी. आईने आठ दिवस स्वतःच्या मुलीचं करावं तसं तिचं केलं. तिच्या मायेत खोट नव्हती. फक्त त्या मायेला डॉक्टर चालत नव्हता.

सूज उतरली, पण पाय टाकताना ती उजवीकडे झुकायची. मग मी तिला चालायला शिकवलं. अंगणातून ओसरीवर, ओसरीवरून घरात. पाऊल लहान टाक. वर चढताना डावा पाय आधी, उतरताना उजवा. हातात काहीतरी धर, म्हणजे सावकाश चाललीस तरी कोणाला वेगळं वाटणार नाही. या कामात मी हुशार निघाले. आठव्या दिवशी माझ्या वडिलांनी तिला अंगणातून जाताना बघितलं आणि त्यांना काहीच कळलं नाही. आम्ही दोघी आत जाऊन तोंड दाबून हसलो. तिने मला विचारलं, पुण्याच्या निवडीपर्यंत बरं होईल ना? मी म्हणाले, होईल. मी काय डॉक्टर होते?

दिवाळीनंतर, पुण्याची निवड तीन आठवड्यांवर असताना, तिला बघायला रावेरकडची मंडळी आली. तिने मला बोलावून घेतलं. मुलाचे आईवडील, मुलगा आणि आत्या. शेव-चिवडा झाला, चहा झाला, शिक्षण विचारून झालं. मग आत्या म्हणाली, जा गं बाई, आतून पाण्याचा तांब्या घेऊन ये. घरात तांब्या भरलेला समोरच होता. तो कशासाठी मागतात हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं: मुलगी चालते कशी ते बघायचं असतं.

ती उठली. उंबरठा ओलांडला, आत गेली, तांब्या घेऊन परत आली. लहान पावलं, डावा पाय आधी. मी दाराशी उभी राहून तिची पावलं मोजत होते. एकदासुद्धा झुकली नाही. आत्याने मुलाच्या आईकडे बघून मान हलवली. मला इतका आनंद झाला की टाळी वाजवायची तेवढी राहिली.

मग आत्या सहज बोलत राहिली. आमचं घर माडीचं आहे, स्वयंपाक वर, पाणी खालच्या नळाचं, दिवसातून दहा खेपा होतात, पण हिची अंगकाठी मजबूत दिसते, असं काहीसं. ती पाटावर बसून ऐकत होती. तांब्या खाली ठेवून ती म्हणाली, “मले जिना चढता येत नही. धुळ्याले खेयताना गुडघा गेला माझा.”

तिने ते रडून सांगितलं नाही, रागाने नाही, परीक्षेत रोल नंबर सांगावा तसं सांगितलं. पाहुणे चांगले होते. चहाची स्तुती करून, कळवतो म्हणून गेले. त्यांनी कळवलं नाही हे सांगायला नको.

मी नानांच्या आवाजाची वाट बघत होते. आम्ही सात जणी, माझी आई, सगळ्यांनी दोन महिने ज्या आवाजाला भिऊन एवढा खटाटोप केला होता तो आवाज. नाना तिच्यासमोर खाली बसले, साडीवरूनच गुडघ्याला हात लावला आणि विचारलं, “मले काबरं नही सांगलं?” बस एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी मळ्याच्या पाण्याची पाळी दुसऱ्याला देऊन ते तिला घेऊन जळगावच्या हाडांच्या डॉक्टरकडे आले. मीही गेले.

डॉक्टरांनी गुडघा इकडेतिकडे वळवून बघितला, फोटो काढला. म्हणाले, आतला बंध तुटला आहे. त्याच आठवड्यात आणली असती तर प्लास्टर घालून काही करता आलं असतं. तुम्ही तर याच पायावर हिला चालवली. आता रोजच्या चालण्यापुरता होईल, खेळ विसरा. तिने एकच विचारलं, तीन आठवड्यांनी पुण्याला जायचंय, फक्त दोन चढाया कराव्या लागतील. डॉक्टर कागदावर लिहीत राहिले.

तिला आत पट्टी बांधत होते तेव्हा बाहेरच्या बाकावर मी आणि नाना होतो. मला राहवेना. मी सगळं सांगितलं: ओढणी, एसटी, बोदवड, चालण्याची शिकवणी. सांगताना शेवटी स्वतःची बाजूही मांडली, कारण माणूस मांडतोच. म्हणाले, नाना, पण ती एकदाही ‘नाही’ म्हणाली नाही.

नाना माझ्यावर ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. ते मळ्यातल्या केळीचं बोलले: “केयीचं खोड घडानं वाकलं का आपन टेकू लावतो, पोरी. तिले इचारत नही.”

पुण्याच्या निवडीला मी गेले. धुळ्याच्या कपामुळे आमच्या कॉलेजला एक जागा मिळाली होती आणि ती रिकामी ठेवणं सरांना पटलं नाही. माझी कोपऱ्यातली पकड त्या दिवशी बरी पडली, मी संघात आले. पुढच्या वर्षी बी.ए. झाल्यावर शारीरिक शिक्षणाच्या कोर्सचे अर्ज निघाले. तिने अर्ज आणला नाही, कारण त्यात धावण्याची चाचणी होती. मी आणला. नव्वद सालच्या आसपास शाळेत लागले आणि खेळाची शिक्षिका म्हणून पूर्ण नोकरी केली. तिच्या मनातली नोकरी.

माझं अक्षर वाईट, म्हणून अर्ज भरायला मी असोद्याला तिच्याकडेच गेले होते. पाय लांब करून, मांडीवर पाटी घेऊन तिने तो सावकाश, सुंदर अक्षरात भरला. ‘खेळातील प्रावीण्य’ असा एक रकाना होता. तिथे तिने धुळ्याचा अंतिम सामना लिहिला, कॉलेजचं नाव लिहिलं आणि पेन उचलून मला विचारलं, “कर्णधार होतीस, ते लिहू ना?”

मी म्हणाले, लिही.