बर्फावरची बुरशी आणि ओवीचा साखरपुडा

उल्काबाईंना स्वस्थ बसणं कधी जमलंच नाही. रत्नागिरीच्या कॉलेजात त्या सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत आणि उरलेला सगळा वेळ अंटार्क्टिकाच्या मातीतून आलेली बुरशी सांभाळत. कडाक्याच्या थंडीत पेशींमध्ये ऑक्सिजनचं घातक रूप साचतं. ते निपटणारं विकर, म्हणजे एन्झाइम, ही बुरशी स्वतःच बनवते आणि ते गारठ्यातही काम करतं. त्याच विकराच्या मागे त्या लागल्या होत्या. पण कोकणातल्या मे महिन्यात ही बुरशी जगवायची म्हणजे जिवाला घोरच!

त्यांच्या लेकीचा, ओवीचा, देवरूखला साखरपुडा होता. हॉल पाहुण्यांनी भरला होता आणि कॉलेजच्या वॉचमनचा, सदूचा, फोन आला.

"बाई, सकाळपासनं लाईट नाय. जनरेटर पण बंद पडलाय. बुरशीच्या फ्रीजच्या खोलीची चावी तुमच्याकडंच हाय ना?"

उल्काबाईंनी पर्समधली चावी चाचपली.

"चावी दे, कुणाला तरी पाठवतो," नवरा, भास्कर, म्हणाला.

"बुरशीची कुठली बशी आधी उचलायची, हे त्याला कसं कळणार?"

ओवीनं ते ऐकलं. "आई, अंगठी घालून होईपर्यंत तरी थांब. मग खुशाल जा."

त्या थांबल्या. फोटोत सगळे हसत होते; यांची नजर तेवढी दाराकडे. अंगठी बोटात गेली तशी त्यांनी लेकीच्या गालावरून हात फिरवला, सरबतासाठी आणलेला बर्फ थर्मोकोलच्या खोक्यात भरला आणि गाडी काढली. वाटेत हातखंब्याला ट्रकांची रांग लागलेली. त्या हॉर्न वाजवत राहिल्या.

खोली उघडली तर फ्रीज कोमट. बश्या त्यांनी भराभर बर्फात रचल्या.

पुढे नव्या बश्यांत लावलेली बहुतेक बुरशी उगवलीच नाही. एकच बशी तगली. तिचा अर्क बर्फावर ठेवून त्यांनी हायड्रोजन पेरॉक्साईडचा, म्हणजे ऑक्सिजनच्या त्याच घातक रूपाचा, थेंब टाकला. सर्रकन फेस आला. विकर शाबूत होतं.

हे कळल्यावर ओवीनं घरी विचारलं, "मी थांबवलं नसतं, तर बाकीच्या वाचल्या असत्या?"

"कदाचित वाचल्या असत्या," उल्काबाई म्हणाल्या. खोटं बोलणं त्यांना जमेना.

मग ओवी म्हणाली, "लग्न दिवाळीनंतर आहे. तोवर तो जनरेटर दुरुस्त करून घे."

उल्काबाई चपला घालून तडक कॉलेजात गेल्या आणि प्राचार्यांच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या.