जुन्या आवृत्तीतली शरयू

शरयूच्या मुलाचा, मंदारचा, फोन आला तेव्हा मी बाजारात कोळणीशी बांगड्यांवरून हुज्जत घालत होते. ‘‘मावशी, आई गेली,’’ एवढंच म्हणाला. मग म्हणाला, ‘‘नानांचं आता कसं गं?’’ या गोष्टीला महिना होऊन गेला. बांगडे घेतले की तिथेच टाकून निघाले, अजून आठवत नाही...

शरयूनं आणि मी इथल्या एका कॉलेजात शेजारशेजारच्या टेबलांवर बसून वर्षानुवर्षं पोरांना प्रोग्रॅमिंग शिकवलं. मला नव्याचा भारी सोस. प्रोग्रॅमिंगच्या भाषेची नवी आवृत्ती आली की मी ती नव्या साडीसारखी मिरवत वर्गात जायची आणि पहिल्याच ओळीला पदरात पाय अडकून पडायची. शरयूला घाई नसे. ‘‘तुझी एकदा धुऊन होऊ दे गो. आकसत नाही ना ते बघते, मग मी नेसते,’’ म्हणायची.

आम्ही निवृत्त झालो आणि तिच्या यजमानांना, नानांना, पक्षाघात झाला. समज शाबूत, डावा हात चालता, वाचा मात्र गेली. शरयूनं मोठ्या बटणांची एक पाटी मिळवली, घरातल्या जुन्या कॉम्प्युटरला जोडली आणि प्रोग्रॅम लिहिला. बटण दाबलं की शब्द ऐकू यायचा. त्या मशीनला मराठी बोलता येईना, म्हणून शब्द तिनं स्वतःच्याच आवाजात भरले. चहा, पाणी, पंखा लाव. नाना बटण दाबायचे, बायको बोलायची. ‘‘आधी तरी या घरात वेगळं काय होतं?’’ मी विचारलं. आजारानंतर नाना हसलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

पुढे त्यांना जास्त शब्द हवेसे झाले. मी लगेच पुढे. साठी उलटली तरी शिंगं मोडून वासरांत शिरायची खोड! घरी बसून नव्याकोऱ्या आवृत्तीत झकास प्रोग्रॅम लिहिला. पण ती पाटी ओळखायची फक्त ते जुनं मशीन आणि त्यातली जुनी आवृत्ती. म्हणजे माझं सगळं नवं मागे न्यायला हवं. नवी भाषा जे एका ओळीत सांगते, ते जुनीला चार ओळींत समजावत बसले. अखेर ती एकही चूक दाखवेना. मी ऐटीत नानांना म्हटलं, मागा काय हवं ते. त्यांनी चहाचं बटण दाबलं. मशीन म्हणालं, ‘दार लाव.’ पुन्हा दाबलं... ‘दार लाव.’ पाण्याच्या जागी भलतंच काहीतरी. नानांनी हात मांडीवर ठेवला आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. त्यांची वाचा दुसऱ्यांदा गेली होती आणि या खेपेला ती मी घालवली होती.

शरयू चिडली नाही. चष्मा लावून ओळी वाचत गेली. नवी आवृत्ती शब्द दिले त्याच क्रमानं ठेवते, न सांगता. जुनी ते आपल्या मर्जीनं कुठेही ठेवते, आणि ती चूकही नाही, म्हणून तक्रारही करत नाही. मी बटणं मोजली होती त्या क्रमाच्या भरवशावर. ‘‘शब्द आणलेस गो,’’ शरयू म्हणाली, ‘‘सवय आणायची राहिली.’’ मग तिनं एकेका शब्दाला त्याचं बटण नेमून दिलं. नानांच्या बोटाला जिथे चहा ठाऊक होता, तिथे चहा परत आला.

बारावं झाल्यावर मंदारनं नवा टॅब्लेट आणला. त्यात हवे तेवढे शब्द, आणि पुरुषाचा स्वच्छ आवाज. जुनं मशीन बंद पडलं तर दुरुस्त करायला आता आई नाही, हे त्याचं म्हणणंही खरंच होतं. समजावायला त्यानं मला बसवलं, आणि माझी जित्याची खोड, मी उत्साहानं एकेक शब्द वाजवून दाखवला. नानांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग डावा हात पाटीकडे नेला.

‘‘नको,’’ शरयू म्हणाली.

मंदार उठून मागीलदारी गेला. टॅब्लेट दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर परत गेला. आता औषधांची आठवण, त्याला निरोप पाठवणं, असलं काय काय त्या जुन्या मशीनवरच हवंय, आणि नवं मागे नेण्याचं काम माझ्याकडे आलंय. हळूहळू करते, प्रत्येक वेळी आधी नानांच्या बोटाला विचारून. संध्याकाळी जाते. पडवीत चपला काढत असते तोवर आतून शरयू चहा मागते, आणि मी मुकाट्यानं आधण ठेवते.