ओंजळीत तलावाचं पाणी

आमच्या गावात तलावाच्या पाण्याची वही नव्हती. बाबा होते. कुणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, आज पाणी जाणार, किती वेळ जाणार, हे सगळं त्यांच्या डोक्यात असे. ते गावाचे पाणकर. धानाच्या दिवसांत पाण्यावरून माणसं हातघाईवर येत, पण "पाणकर सांगून राहिले ना, मग झालं," असं कुणी म्हटलं की उठलेला माणूस खाली बसायचा. मला याचा फार अभिमान होता. इतका, की पुढं जे झालं त्याला तो अभिमानच कारण झाला.

दोन हजार तीन-चारची गोष्ट असेल. मी एसटीनं अर्जुनी मोरगावला कॉलेजला जायची. बी.ए.ला तत्त्वज्ञान घेतलं होतं. घेतलं म्हणजे काय, त्या वर्गात मुलं कमी आणि सर शांत, एवढंच कारण. सर एकदा विचारत होते, माणूस खोटं बोलला असं कधी म्हणायचं? त्याचं बोलणं चुकीचं निघालं तेव्हा, की फसवायचं त्याच्या मनात होतं तेव्हा? मी सुवाच्य अक्षरात दोन पानं उत्तर लिहिलं आणि सरांनी ते वर्गात वाचून दाखवलं. मला वाटलं, आपल्याला हा विषय कळला.

त्या वर्षी पाऊस लवकर थांबला. धान निसवायला, लोंब्या टाकायला आलेलं आणि तलाव अर्धा. बाबा मोजून-मापून पाणी सोडत होते. तलावाच्या पारीत, म्हणजे मातीच्या मोठ्या बांधात, पाणी सोडायचं दगडी दार असतं. त्याला आम्ही तुडूम म्हणतो. त्याच्या भोकात लाकडाचा दट्टा ठोकला की पाणी थांबतं. त्या दिवशी शेवटच्या टोकाच्या बांध्यांची पाळी दुपारपर्यंतच होती. मी थैलीत डबा घेऊन गेले तेव्हा पाणी सुरू होतं. बाबांच्या अंगात ताप होता. "जाय घरी, मी दट्टा मारून येतो," म्हणाले. मी निघून आले. ते आले, थैली खुंटीला अडकवली आणि पडले ते दोन दिवस उठले नाहीत.

दुसऱ्या सकाळी लोकांनी पाहिलं तर तुडूम उघडं आणि दट्टा गायब. रात्रभरात तलाव हातभर उतरला होता. पारीच्या अगदी खाली एका माणसाच्या बांध्या होत्या, त्या तेवढ्या तुडुंब भरलेल्या. या माणसानं आधी दोनदा पाणी चोरलं होतं आणि दोन्ही वेळा तो सापडला होता. मग काय, कुणाला विचार करायची गरजच पडली नाही. त्यानंच दट्टा उपसून फेकला, असं ठरलं. गुन्हा शाबीत झाला तर हंगामभर पाणी बंद. म्हणजे अजून दोन पाण्यांवर आलेलं त्याचं धान उभ्या उभ्या वाळणार.

तिसऱ्या दिवशी सकाळी पारीवर बैठक होती. निघण्याआधी मी बाबांचा डबा घासायला घेतला. थैलीत हात घातला तर डब्याशेजारी दट्टा.

मला एका क्षणात सगळं कळलं. तापाच्या भरात त्यांनी तो थैलीत टाकला होता, आणि ठोकून आलो अशी मनाची पक्की समजूत करून घेतली होती. बाबा पलीकडच्या खोलीत धोतर नेसत होते. एक हाक मारली असती तर गोष्ट तिथंच संपली असती. मी दट्टा मागच्या अंगणात तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगात खुपसला. मला भीती वाटली होती. बाबांची नाही. उद्यापासून बाबांच्या शब्दावर कुणी खाली बसणार नाही, याची.

बैठकीची आमची रीत अशी की तलावाचं पाणी ओंजळीत घेऊन बोलायचं आणि बोलून झाल्यावर पाणी परत तलावात सोडायचं. ओंजळीत पाणी असताना खोटं बोलणाऱ्याच्या बांधीत धान पिकत नाही, यावर सगळ्यांचा विश्वास. चपला काढून आधी तो माणूस उतरला. "मागं चोरलो, ते कबूल आहे. या खेपेला दट्ट्याले हात नाही लावलो." दोघं-तिघं हसले. मग बाबा उतरले. "मी दट्टा मारूनच घरी आलो," म्हणाले. त्यांचा आवाज स्वच्छ होता. ते खोटं बोलत नव्हते आणि ते खरंही नव्हतं. सरांना लिहून दिलेलं माझं ते दोन पानी उत्तर माझ्यासमोर उभं होतं.

लोक उठायला लागले. तेवढ्यात तो माणूस माझ्याकडं वळला. "त्या रोजी पोरगी डबा घेऊन आली होती. तिले विचारा. पाणकराची पोरगी आहे, ते खोटं नाही बोलणार."

माझ्यावर त्या बैठकीत सगळ्यात जास्त विश्वास त्याचाच होता. बाबा म्हणाले, "घे पाणी. सांग." मी गुडघाभर पाण्यात उतरले, ओंजळ भरली. "बाबांनी दट्टा मारला. मी पाहिलं." बोटांच्या फटींतून पाणी गळत होतं, आणि ते संपायच्या आत मी वाक्य संपवलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं, चपला घातल्या आणि निघून गेला.

त्याचं पाणी बंद झालं. मी आठ दिवस बसनं त्याच्या बांधीवरून गेले आणि आठही दिवस दुसऱ्या बाजूच्या खिडकीला बसले.

नवव्या दिवशी बैलांना तणस काढताना बाबांच्या हाती दट्टा लागला. त्यांनी स्वतः तासलेला, त्यांना ओळख पटायला वेळ लागला नाही. ते त्याच्याकडं पाहत होते, मग दारात उभ्या माझ्याकडं. मला वाटलं, आता मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते बाहेर गेले आणि त्यांनी लोकांना पारीवर बोलावलं. मीही मागोमाग गेले.

पाणी ओंजळीत घेऊन ते म्हणाले, "दट्टा माह्याच थैलीत गेला होता. भूल माही. या माणसाले आजच पाणी द्या, आन् पाणकर दुसरा पाहा." मागून कुणीतरी विचारलं, "मंग पोरगीनं कसं पाहिलं?"

बाबांनी ओंजळीतलं पाणी हळूच तलावात सोडलं. हात धोतराला पुसले. मग बोलले, "मीच शिकवून आणलो होतो तिले."

हात कोरडे करून ते बोलले, हे माझ्याखेरीज कुणाच्या लक्षात आलं नाही. तोवर त्यांची चूक ही तापातली भूल होती. त्या एका वाक्यानं ते पोरीला हाताशी धरून गरिबाचं पाणी तोडणारे झाले. आणि सगळ्यांनी ते लगेच मानलं, कारण बाबा कधी खोटं बोलत नसत. मी तिथंच उभी होते. तोंड उघडायला भरपूर वेळ होता.

त्या माणसाचं धान निम्मं हाती लागलं. बाबा त्यानंतर आठ-नऊ वर्षं जगले. या विषयावर आमच्यात एक शब्द झाला नाही. मागच्या उन्हाळ्यात गावी गेले तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्या काकांनी माझी ओळख करून देताना नव्या सुनेला सांगितलं, "हिचा बाप पाणकर होता. मोठा खरा माणूस म्हणायचे, पण निघाला लबाड." सून माझ्याकडं पाहून ओशाळली. मी तिनं केलेला चहा संपवला, कप खाली ठेवला आणि साखर बरोबर झाली म्हणून तिला सांगितलं.