माझ्या चुका परत मिळण्याबाबत

मला सरकारी टिपणीखेरीज काही लिहिता येत नाही, असं माझा नवरा म्हणतो, आणि ते खरं आहे. केंद्र सरकारच्या एका खात्यात वीस वर्षं फायलींवर ‘अवलोकनार्थ सादर’ आणि ‘चर्चा करावी’ लिहून बोटं तशीच वळली. त्यामुळे मुलांसाठी विनोदी कादंबरी लिहिली तीही अर्ज, नोटिसा, स्मरणपत्रं आणि बैठकांची इतिवृत्तं अशीच झाली. हा अभिनव प्रकार सुचला कसा, असं लोक विचारतात. सुचला कसला डोंबलाचा! दुसरं काही येतच नव्हतं.

खरं तर ती लिहिली माझ्या मुलीसाठी. ती नऊ वर्षांची असताना आम्ही दिल्लीहून पुण्याला एका लग्नाला गेलो होतो. तिच्या आत्यानं पंगतीत कौतुकानं विचारलं, “काय गं, मराठी येतं ना तुला?” लेक अगदी मनापासून म्हणाली, “हो, मी मराठी बोलायची पूर्ण चेष्टा करते.” हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. मराठीत काय, ते पंगतीला माहीत होतं. सगळे पोट धरून हसले. उशिरा आलेल्या पाहुण्यांसाठी तिला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. मीही हसले. त्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

परत आल्यावर तिनं मराठी बोलणं बंद केलं. आम्ही मराठीत विचारायचं, तिनं हिंदीत उत्तर द्यायचं. दिल्लीत वाढणारी मराठी मुलं शब्द विसरतात, त्याची सवय आम्हाला होती. पण ही काही विसरली नव्हती. तिनं कुलूपच घातलं होतं. रागावून पाहिलं, आईस्क्रीमचं आमिष दाखवून पाहिलं. “मुझे नहीं आती,” एवढंच. आमच्या घरातली मराठी माझ्यापाशीच संपणार, या विचारानं मला ऑफिसात भर मीटिंगमध्ये रडू यायचं.

मग माकड आलं. सरोजिनी नगरच्या आमच्या सरकारी क्वार्टरच्या बाल्कनीतून त्यानं तिचा शाळेचा डबा पळवला, बटाट्याच्या पराठ्यांसकट. ती संतापानं लालबुंद. दुसऱ्या दिवशी मी फ्रिजवर एक कागद लावला. ‘वानर विभाग, जांभळाचे झाड, दुसरी फांदी. आपला डबा या कार्यालयास प्राप्त झाला. पराठ्यात मीठ कमी होते, याची नोंद घ्यावी.’

संध्याकाळी कागदाखाली खरमरीत उत्तर होतं, हिंदीत. माकडानं उलट टपाली कळवलं: ‘या झाडाचे कामकाज मराठीत चालते. सबब अर्ज परत करण्यात येत आहे.’ दोन दिवस ती फ्रिजकडे पाठ करून जेवली. तिसऱ्या दिवशी वहीचं पान लटकलेलं दिसलं: ‘डबा परत देण्यात तुम्हाला काय आपत्ती आहे?’ तिला म्हणायचं होतं, काय हरकत आहे. हिंदीत तसंच म्हणतात. माझा हात लाल पेनाकडे गेला होता. मी तो आवरला आणि माकडातर्फे लिहिलं: ‘आम्हाला वेगळी आपत्ती नाही. आपत्ती ती आम्हीच.’ स्वयंपाकघरातून मला तिचं हसू ऐकू आलं. माकड काय म्हणतंय ते तिला बरोबर कळलं होतं.

तेव्हापासून मी एक नियम केला. माकड कधीच चूक सुधारणार नाही. जे लिहिलंय त्यालाच उत्तर देणार. दिवाळीपासून होळीपर्यंत हा पत्रव्यवहार चालला. त्यात माकडांच्या युनियनची नोटीस आली, डब्याचा पंचनामा आला, डॉक्टरचं प्रमाणपत्रही आलं. ती बोलायची अजून हिंदीतच, पण लिहायची पानंच्या पानं. सगळं क्रमानं टाईप करून मी पुण्याच्या एका प्रकाशकांकडे पाठवलं. त्यांना पसंत पडलं आणि मी ऑफिसात पेढे वाटले.

महिन्याभरात प्रूफं आली. पाहते तो काय, तिच्या प्रत्येक पत्रावर लाल शाई! ‘आपत्ती’ काढून ‘हरकत’, ‘चेष्टा’ काढून ‘प्रयत्न’. माकडाची उत्तरं मात्र होती तशीच, आता कशाला कशाचा मेळ नसलेली. मी संपादक बाईंना फोन लावला.

“अहो, गोष्ट फार गोड आहे,” बाई म्हणाल्या, “पण मुलांच्या हातात अशुद्ध मराठी कशी द्यायची? पालक आम्हालाच धरतील.”

“मग पुस्तकच नको!” मी फोन आपटला. वळले तर लेक मागे उभी, हातात प्रूफं.

“आई, सब काट दिया?”

पुण्यातली ती पंगत पुन्हा घरात येऊन बसल्यासारखं वाटलं. मला वाटलं, आता ही लिहिणंही सोडणार. ती खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. अर्ध्या तासानं बाहेर आली ती एक अर्ज घेऊन, शाळेत हिंदीच्या बाईंनी शिकवलेल्या पद्धतीनं समास सोडून लिहिलेला.

‘सेवेत, संपादक महोदया. विषय: माझ्या चुका परत मिळण्याबाबत. सविनय निवेदन आहे की तुम्ही माझ्या सगळ्या चुका काढून घेतल्या. त्या माझ्या होत्या. आता माकड मला काय उत्तर देतो ते कोणालाच समजणार नाही. ज्यांना शुद्ध मराठी येते त्यांनी आपला वेगळा माकड शोधावा. आपली आज्ञाकारी.’

मी एक काना-मात्रा न बदलता तो पाठवला. दहा दिवसांनी पुण्याहून पाकीट आलं, माझ्या नव्हे, तिच्या नावानं. ‘आपला अर्ज मंजूर. सर्व चुका जागच्या जागी परत करण्यात येत आहेत. नवीन प्रूफ आपणच तपासावे.’ खाली बाईंची सही आणि कार्यालयाचा खराखुरा शिक्का! मी तिला उचलून गरागरा फिरवलं. तिनं हिरव्या पेनानं प्रूफं तपासली आणि छपाईत सुटून गेलेल्या दोन चुका शोधून परत घातल्या.

पुस्तक आल्यावर कोपर्निकस मार्गावरच्या एका सभागृहात इथल्या मराठी मंडळींनी वाचन ठेवलं. नोएडाहून मेट्रोनं कुटुंबंच्या कुटुंबं आली होती. मी वाचणार, असं ठरलं होतं. पण ऐन वेळी लेक माझ्या हातातून पुस्तक घेऊन माईकपाशी गेली. दीड वर्षात तिनं मोठ्यानं मराठीचा एक शब्द उच्चारला नव्हता.

पहिल्याच पत्राला सभागृह खदखदून हसलं. याच हसण्यानं तिचं तोंड मिटलं होतं. मी खुर्चीतून अर्धी उठले. तिनं मान वर केली, लोकांचं हसून होईपर्यंत शांतपणे थांबली आणि पान उलटून पुढचं पत्र वाचायला लागली. मग आणखी एक. मी खाली बसले आणि खुशाल रडले. नवऱ्यानं रुमाल दिला, तो आधीच ओला होता.

कार्यक्रम संपल्यावर सहीसाठी मुलांचा घोळका तिच्याभोवती जमला. त्यातून वाट काढत एक वयस्क गृहस्थ पुढे आले. “छान वाचलंस, बाळ. पण तू वाचलंस ना, माकडांमुळे रस्त्यावरची यातायात थांबली? मराठीत त्याला वाहतूक म्हणतात. यातायात म्हणजे त्रास, दगदग.”

मी मध्ये पडणार, तेवढ्यात तिनं सही पुरी केली आणि वर पाहिलं.

“माहीत आहे, आजोबा,” ती खणखणीत मराठीत म्हणाली. “मला दोन्ही येतात.”