वैरागड्यांचा रिकामा कॅमेरा

शनिवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी नरहर वैरागडे यांनी त्या दिवसाची चाळिसावी निगेटिव्हची पट्टी ट्यूबलाइटसमोर धरली. तिच्यावर कारखान्याच्या सुरक्षा सप्ताहातली सहा छायाचित्रे होती. वैरागड्यांनी भिंग लावून सहाही पाहिली आणि पट्टी डावीकडच्या खोक्यात टाकली.

हे जुन्या वस्तूंचे दुकान भोपाळच्या शाहपुऱ्यात तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. पुढे पितळी समया आणि बंद पडलेले रेडिओ, मागे पत्र्याच्या कपाटाला लागून वैरागड्यांचे स्टूल. गेली चार वर्षे ते दर शनिवारी आणि रविवारी तिथे बसून जुन्या निगेटिव्ह तपासतात. निगेटिव्हमध्ये दात काळे आणि केस पांढरे दिसतात, तरी त्यांना माणसे ओळखू येतात. यातली बहुतेक त्यांनीच टिपलेली आहेत.

ते सासूबाईंचा फोटो शोधतात. असा फोटो नाही, हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

वैरागडे शहात्तर साली वर्ध्याहून भोपाळला आले आणि विजेच्या मोटारी बनवणाऱ्या एका सरकारी कारखान्याच्या फोटो सेक्शनमध्ये लागले. रोलमधला प्रत्येक फोटो रजिस्टरमध्ये लिहावा लागे. एक जास्त निघाला तर कारण द्यावे लागे. इकडे टाऊनशिपमध्ये बारसे असो की गणपती, कोणीतरी म्हणेच, "वैरागडे, एक आमचा काढा ना." नाही म्हटले की क्वार्टरच्या जिन्यात बोलणे बंद. म्हणून त्यांनी मार्ग काढला. रोल नसलेला कॅमेरा गळ्यात घालून जायचे, लोकांना उभे करायचे, बटण दाबायचे. "धुतला की देतो." दोन-तीन महिन्यांत बहुतेक लोक विसरत.

एक्याऐंशीच्या डिसेंबरात पत्नी कमलिनी यांच्या आई अमरावतीहून राहायला आल्या. त्यांचा जन्मात कधी फोटो निघाला नव्हता. कमलिनींनी त्यांना हिरवे नऊवारी नेसवून अंगणात वेताच्या खुर्चीवर बसवले. कॅमेरा त्या दिवशीही रिकामा होता. वैरागड्यांनी तीनदा बटण दाबले. पुढच्या आठवड्यात सेक्शनमधून अर्धवट उरलेला रोल मिळाला की खरा काढू, असे त्यांनी ठरवले होते. त्याआधीच सासूबाई परत गेल्या आणि फाल्गुनात वारल्या.

तेव्हापासून कमलिनींना सांगायला निगेटिव्ह सेक्शनमध्ये होती. आधी एन्लार्जर बिघडला होता, मग साहेब बदलले होते. दोन हजार एक साली सेक्शन बंद पडला, निगेटिव्हची पोती भंगारात गेली आणि वैरागडे सुटले. चौदा वर्षे कोणी विषय काढला नाही. मग कमलिनी या दुकानात समई घ्यायला आल्या. तिथे निगेटिव्ह जोडून केलेली एक लॅम्पशेड लटकत होती. आत दिवा लागलेला होता आणि त्यांना कारखान्याचे फाटक ओळखू आले. घरी येऊन त्या म्हणाल्या, "आई सापडेल."

दुकान रवींद्रचे. त्याचे वडील त्याच कारखान्यात फिटर होते. शनिवारी तो चहा घेऊन मागे आला.

"काका, हे शेवटचं पोतं. करोंदच्या भंगाराच्या गोदामात आता काही नाही, मी खुद बघून आलो. सोमवारी लॅम्पवाला येऊन सगळं उचलणार."

"सगळं?"

"इंदूरच्या हॉटेलची ऑर्डर आहे. तुमचे सगळे रिटायर लोक आता बारमध्ये लटकणार." रवींद्रने खिशातून फोन काढला. "आणि ते भिंग सोडा आता. हे बघा."

त्याने पट्टीवर फोन धरला. पडद्यावर काळे दात पांढरे झाले. कॅन्टीनचा आचारी हसत होता.

"आता हे काम कोणीपण करू शकतो. काकूंना सांगून टाकलं मी. त्या उद्या येतायत. दोघं मिळून एका दिवसात पोतं खतम."

"तुला कोणी सांगितलं तिला फोन करायला?"

"त्यांनीच केला. दर शनिवारी करतात. तुम्ही खरंच इथे बसता का, ते विचारायला. मी म्हणतो, काका तर ड्यूटी करतात."

वैरागड्यांनी भिंग रुमालात गुंडाळले. चहा तसाच राहिला.

त्यांचा ब्लॉक पाडायचा आहे. क्वार्टर तीस तारखेच्या आत सोडायचे आहे. मुलगा हेमंत नागपूरला असतो. त्याने बुधवारचा ट्रक ठरवला आहे. फोटो मिळाल्याशिवाय आपण भोपाळ सोडणार नाही, असे कमलिनींनी त्याला कळवले आहे. वैरागडे घरी पोचले तेव्हा त्या जमिनीवर बसून कपबशा वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या.

"कमल, आईंच्या वेळी कॅमेऱ्यात रोल नव्हता."

"मी आवाज ऐकला. तीनदा."

"रिकाम्या कॅमेऱ्याचाही तसाच येतो."

"तुम्ही तिला हनुवटी वर करायला सांगितलंत. रिकाम्या कॅमेऱ्यासाठी कोण सांगतं असं?"

"मी सांगायचो. सगळ्यांना. देशकरांच्या सुलभाचं डोहाळजेवण आठवतं? तेही तसंच."

"सुलभा अजून विचारते. मग तिचाही बघू उद्या."

"अगं, नाहीच आहे तो."

कमलिनींनी बशी खाली ठेवली. "हेमंतने शिकवलं ना हे? ट्रक बुधवारचा आहे म्हणून?"

"हेमंतला काही माहीत नाही."

"वीस वर्षं म्हणालात, सेक्शनमध्ये आहे. चार वर्षं जाऊन शोधलंत. तेव्हा खोटं बोलत होता की आत्ता?"

"तेव्हा."

"एवढं लांबलचक खोटं तुम्हाला जमायचं नाही." त्यांनी पुढची बशी कागदात घेतली. "नागपूरची घाई झालीय तर सरळ म्हणा. आईला मध्ये घालू नका."

वैरागडे खुर्चीवर बसले. रजिस्टर कुठे असते तर त्या तारखेखाली एकही नोंद नाही, हे दाखवता आले असते. रजिस्टरेही भंगारात गेली.

संध्याकाळी कमलिनींनी फोन चार्जिंगला लावला आणि दोघांचा डबा घासून पालथा घातला. रविवारी टाऊनशिपच्या फाटकावरून शाहपुऱ्याकडे जाणारी पहिली बस नऊ वाजून पन्नास मिनिटांनी सुटते.