अनघाची उत्तरपूजा

मिलिंदचा फोन आला तेव्हा मी कामावर, क्लीनरूममध्ये होते. आमच्या कंपनीत हृदयाच्या रक्तवाहिन्यांत घालायचे स्टेंट तयार होतात आणि ते तपासणं हे माझं काम. आत जाताना डोक्यापासून पायापर्यंत पांढरे कपडे चढवायचे आणि फोन बाहेर लॉकरमध्ये ठेवायचा, असा नियम. जेवणाच्या सुट्टीत बाहेर येऊन लॉकर उघडला, तर स्क्रीनवर मिलिंदचे मिस्ड कॉल ओळीने. मेसेज एकही नाही. नवऱ्याने बायकोच्या मैत्रिणीला इतके फोन करायचे आणि मेसेजमध्ये एक शब्दही लिहायचा नाही, याचा अर्थ मला तिथेच कळला... तरी मी आधी बुटांवरची आवरणं काढली, डब्यात टाकली, हात नीट धुतले. तेवढा वेळ तरी अनघा असू दे, असं काहीतरी मनात होतं. मग फोन लावला.

आमची ओळख भांडणातून झाली. गॉलवे या आयरिश शहरातल्या मराठी मंडळींचा गणपती एका शाळेच्या हॉलमध्ये बसतो. त्या वर्षी पुण्याचे गुरुजी लॅपटॉपवरून प्राणप्रतिष्ठा सांगत होते, आमचे यजमान घामाघूम होऊन दूर्वेने मूर्तीच्या डोळ्यांना तूप लावत होते, आणि एक बाई पायातले बूट तसेच ठेवून, हाताची घडी घालून अगदी मखराला खेटून उभी. मी म्हटलं, "अहो, दर्शन घ्यायचं तर बूट काढा." माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "एक मिनिट हं. डोळे उघडतायत." नंतर प्रसादाच्या रांगेत तिने स्वतःहून माफी मागितली आणि वर अख्खं व्याख्यान दिलं. ती नागपूरची, इथे विद्यापीठात शिकायला आली आणि शिकवायला राहिली. विषय निओप्लेटॉनिझम. म्हणजे काय, असं विचारण्याची चूक मी केली. सतराशे वर्षांपूर्वीचे ते ग्रीक विचारवंत म्हणे असं मानत की सगळं जग एकातून निघालंय आणि आत्म्याला त्या एकात परत जायचंय. आता जायचं कसं, यावरून त्यांच्यात जुंपली. काही म्हणाले, विचाराने आणि ध्यानाने. दुसरे म्हणाले, विचाराने पोचता आलं असतं तर सगळे प्राध्यापक केव्हाच मोक्षाला गेले असते! देवाने आपल्या खुणा दगडांत, झाडपाल्यात, सुगंधात ठेवल्यात; त्या हाताळल्याशिवाय वाट सापडत नाही. ते मूर्तीच्या पोटात असल्या वस्तू भरून मंत्रांनी देवाला तिच्यात बोलावत. लोक त्याला जादूटोणा म्हणत, ते स्वतः देवाचं काम म्हणत. "आणि इथे शाळेच्या हॉलमध्ये, वायफायवर, तेच चाललंय," अनघा म्हणाली. तिचे डोळे असे चमकत होते की माझा रागच गेला.

मी रोज पूजा करणारी, अर्थ न कळता. ती अर्थ जाणणारी, पण तिने आयुष्यात उदबत्तीसुद्धा लावलेली नव्हती. यावरून मी तिला सतत छेडायचे. दर रविवारी आम्ही सॉल्टहिलच्या समुद्राकाठच्या रस्त्यावर फिरायला जायचो. गॉलवेत एक रीत आहे. तो रस्ता जिथे संपतो तिथल्या भिंतीला पायाने हलकी लाथ मारायची आणि मगच परत फिरायचं. का, ते कुणालाच ठाऊक नाही, पण पावसापाण्यात धावायला आलेले लोकही लाथ मारल्याशिवाय वळत नाहीत. अनघाला ही भिंत फार आवडायची. "बघ वैशू, कारण कुणाला माहीत नाही आणि सोडवतही नाही. यांना विचार, विश्वास आहे का? नाही म्हणतील. पण लाथ मारली नाही तर घरी जाऊन चुटपुट लागेल." मी म्हणायचे, मग तू घरी दिवा का नाही लावत? ती हसून म्हणायची, "मी अभ्यास करते गं. स्वयंपाकावर पुस्तक लिहिणाऱ्याला भूक लागलीच पाहिजे असं थोडंच आहे?" आणि सगळ्यांआधी जाऊन भिंतीला लाथ मारायची.

आमचा गणपती फायबरचा. नदीत सोडणं इथे चालत नाही, म्हणून विसर्जन म्हणजे थोडं पाणी शिंपडायचं आणि मूर्ती पुढच्या वर्षासाठी गुंडाळून ठेवायची. ती ठेवण्याचा मान आमच्या घराला. एका नोव्हेंबरात अनघा पावसात निथळत आली. टॉवेल घे म्हटलं, तर तिने आमचा हॉट प्रेस उघडला. गरम पाण्याच्या टाकीचं ते कपाट, इथे घरोघरी असतं. टॉवेलांच्या मागे बबलरॅपमध्ये बाप्पा बसलेले. "याची उत्तरपूजा झाली होती ना?" तिने विचारलं. मी आठवू लागले. हॉलची वेळ संपली होती, किल्ल्या घेऊन आलेला माणूस "ग्रँड, ग्रँड", म्हणजे इथल्या बोलीत 'ठीक, ठीक', म्हणत दारातच उभा होता, गुरुजींचं कनेक्शन तुटलं होतं... नव्हती झाली. "काहून गं, तुम्ही बोलावलंत आणि सोडलंच नाही?" अनघा मटकन जिन्यावर बसली. मी म्हटलं, देव काय, सगळीकडे असतोच. "सगळीकडे असणं वेगळं आणि नाव घेऊन, डोळे उघडून, या एवढ्याशा जागेत बोलावणं वेगळं. त्या जुन्या ग्रंथांत बोलावलेला देवच माणसाच्या तोंडून विनवतो की आता पुरे, मला सोडा. बोलावण्याइतकंच सोडणं महत्त्वाचं मानत ते. आणि तुम्ही त्याला टॉवेलांत कोंडलंत!"

मग त्या नास्तिक बाईने ओल्या केसांनी माझ्या स्वयंपाकघरात गणपतीची उत्तरपूजा केली. मंत्र तिने फोनवर शोधले, पण उच्चार असे खणखणीत की आमचे गुरुजी लाजले असते. मोदक नव्हते, ब्राउन ब्रेडवर तूपसाखर घालून नैवेद्य दाखवला. मूर्ती जागेवरून थोडी उत्तरेकडे सरकवायची असते. उत्तर कुठे ते मी फोनमधल्या होकायंत्रावर पाहिलं. अक्षता टाकल्यावर अनघा वाटीत उरलेल्या अक्षता बोटांनी चाळवत बसली. तिचे वडील कट्टर विवेकवादी. माझ्यामागे काही करायचं नाही, असं त्यांनी बजावलं होतं, आणि ते गेल्यावर घरच्यांनी खरंच काही केलं नाही. ते सगळं तिने त्या संध्याकाळी पहिल्यांदा सांगितलं. "बाबांचं बरोबरच होतं. पण वैशू, मी पाहुण्यांना चहा करत राहिले गं. हातांना दुसरं कामच नव्हतं. ते गेले, हे माझ्या हातांना अजून कुणी सांगितलेलं नाही." या विषयाकडे ती का वळली, असं पुष्कळ लोक तिला विचारायचे. मी त्यानंतर कधी विचारलं नाही.

आजार कळला तेव्हा तो बराच पसरलेला होता. कशी आहेस विचारलं की ती "ग्रँड" म्हणायची. या देशात मरायला टेकलेला माणूसही ग्रँडच असतो. शेवटचं भेटले तेव्हा ती हॉस्पिटलात खिडकीजवळच्या खाटेवर होती. औषधांनी जीभ जड झाली होती, डोकं मात्र लख्ख. मिलिंद कॉफी आणायला गेला तसं तिने माझं मनगट धरलं. "एक काम आहे. दहावं-बारावं काही नको, मिलिंदला झेपणार नाही ते. पण बाबांसारखंही नको. तू माझी उत्तरपूजा कर."

"काहीतरीच काय बोलतेस?"

"खरंच. थोडं जागेवरून हलव, आणि जा म्हण. बास. उत्तर कुठे ते तुला सापडतं." हे म्हणताना ती हसली. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? "आणि धरून ठेवू नकोस हं, वैशू. मी तुला ओळखते."

ती गेली तेव्हा जवळ फक्त मिलिंद होता. त्याने नंतर सांगितलं की शेजारच्या मेयो जिल्ह्याकडची एक वयस्कर नर्स आली, तिने अनघाच्या कपाळावर हात ठेवला आणि खिडकी उघडली. हॉस्पिटलच्या खिडक्या पुऱ्या उघडत नाहीत, चार बोटं फट पडली. आत्म्याला वाट हवी म्हणून इथली जुनी माणसं असं करतात. मिलिंद उठून खिडकीपाशी जाऊ लागला, तर तिने त्याला हळूच दंडाला धरून बाजूला केलं, वाटेत उभं राहायचं नसतं म्हणाली. थोड्या वेळाने तिनेच येऊन खिडकी लावून घेतली, गेलेल्याने परत फिरू नये म्हणून. मिलिंदला त्यात फार शांत वाटलं. मला मात्र त्या बाईचा, जिला मी पाहिलेलंही नाही, अतोनात राग आला. उघडलीस ते ठीक, पण लावलीस कशाला? आपण गणपतीलासुद्धा पुन्हा ये म्हणून पाठवतो.

दहन झालं. राख मिलिंदने समुद्रात सोडली, मीही गेले होते. माझं काम तेवढं राहिलं. जागेवरून हलव म्हणाली होती, पण आता हलवायचं काय? तिची जागा म्हणून जी होती ती माझ्या स्वयंपाकघरात, रेडिएटरला पाठ लावून ठेवलेली खुर्ची. बाहेरून आली की कोट न काढता त्यावर बसायची आणि पाठ शेकत बोलत राहायची. गेल्या रविवारी मी नवऱ्याला बाहेर पाठवलं, अंघोळ केली, वाटीत अक्षता घेतल्या. ब्राउन ब्रेडवर तूपसाखर घातली. फोनमध्ये उत्तर पाहिली. खुर्चीला हात लावला, पाठीकडची लाकडी पट्टी रेडिएटरने गरम झालेली होती... माणूस नुकताच उठून गेल्यासारखी. सरकवली. चार बोटं सरकवली. अक्षता टाकल्या. आता फक्त जा म्हणायचं होतं. एवढासा शब्द, तो काही केल्या तोंडातून निघेना. तिच्याइतकं नीट कुणी मला वाचलं नव्हतं, आणि आता इथे माझ्याशी भांडायला कुणी नाही, हे मला त्या रिकाम्या खोलीत इतकं लख्ख कळलं की मी मोठ्याने रडले. मग डोळे पुसले आणि खुर्ची होती तिथे परत लावून ठेवली.

अनघा, बोलावलेल्याला सोडायचं असतं, हे तूच मला शिकवलंस आणि मला ते मान्यही आहे. पण मी तुला सोडलेलं नाही. बघ, राग येतोय ना? मग ये, बस, आणि ओरड.